भरदार

द्राक्षबागेत पाऊल टाकण्याआधी नानांना बूट धुवायला लावले. पसरट घमेल्यात ब्लीच घातलेलं पाणी होतं, त्यात तळवे बुडतील असं मिनिटभर उभं राहायचं. बागेचा मालक, सत्तरीतला माणूस, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बाजूला उभा. मला वाटलं, नानांना राग येईल. चाळीस वर्षं निफाड तालुक्यात द्राक्षं पिकवलेल्या माणसाला बांधावर थांबवून बूट धुवा म्हणायचं म्हणजे काय. पण नानांनी पाण्याकडे बघत एवढंच विचारलं, "कसला रोग आहे गं इथं?"

"रोग नाहीये, नाना. नाहीये म्हणूनच हे सगळं."

त्यांनी मान हलवली आणि मिनिट संपल्यावरही थोडा वेळ तसेच त्या पाण्यात उभे राहिले.

मार्चचे दिवस होते. ॲडलेडहून ईशान्येला तासभर गाडी चालवली की भरदार लाल वाइनसाठी ओळखलं जाणारं बरोसा खोरं लागतं. तेव्हा इथला उन्हाळा सरत आलेला असतो. गवत वाळून पिवळंधमक झालेलं, टेकड्या उघड्या, आणि त्या पिवळ्या रानात हिरव्या असतात त्या फक्त द्राक्षाच्या ओळी. मी ॲडलेडमध्ये अकरा वर्षं राहतेय, नाना पहिल्यांदाच आले होते. बाग आता भाऊ बघतो, म्हणून त्यांना ऐन हंगामात निघता आलं. काय काय बघायचंय विचारलं तर म्हणाले, "समुद्र नको, दुकानं नको. इथल्या लोकांची बाग दाखव."

त्या ब्लीचच्या पाण्यामागे एक किडा आहे, फायलोक्सेरा. मावा जातीचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा, मुळांवर जगणारा. एकोणिसाव्या शतकात तो अमेरिकेतून युरोपात गेला आणि त्याने फ्रान्सपासून सगळीकडच्या बागा वाळवल्या. अमेरिकन वेलींची मुळं त्याला दाद देत नाहीत, म्हणून तेव्हापासून जगातल्या बहुतेक बागा अमेरिकन खुंटावर कलम करून लावल्या जातात. ऑस्ट्रेलियात तो १८७७ साली व्हिक्टोरियातल्या जिलाँगजवळ सापडला. शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियाने मात्र दारं लावून घेतली. बाहेरून काडी आणायची नाही, रोप आणायचं नाही. १८९९ साली त्यासाठी वेगळा कायदाच केला. आजवर हा किडा या राज्यात शिरलेला नाही. त्यामुळे बरोसात दीड शतकाहून जुने वेल अजून स्वतःच्या मुळांवर उभे आहेत. युरोपात जे फारसं उरलं नाही ते इथे आहे.

नानांना यातलं काही समजावून सांगावं लागलं नाही. आमच्याकडे डॉगरिज खुंटावर बाग लावतात ती खारं पाणी आणि दुष्काळ सोसावा म्हणून. कारण वेगळं, पण खुंट म्हणजे काय आणि स्वमुळावरची बाग म्हणजे काय हे त्यांच्या हातांना माहीत आहे. ते सरळ पहिल्या ओळीतल्या पहिल्या खोडापाशी जाऊन उकिडवे बसले.

ते खोड मी आधीही पाहिलं होतं, पण नानांबरोबर पाहिलं तेव्हा खरं दिसलं. मांडीएवढं जाड. पिळून ठेवलेल्या ओल्या चादरीसारखे त्याला पीळ पडलेले. साल सुटून पट्ट्यांनी लोंबत होती आणि मधोमध हात जाईल एवढी पोकळी. पश्चिमेकडची अर्धी बाजू मेलेली, राखाडी, दगडासारखी कडक. जिवंत अर्ध्या बाजूवर दोन ओलांडे, म्हणजे जाड फांद्या, त्यांवर काड्या, आणि काड्यांना लहान लहान काळेशार घड. मंडप नाही, तारा नाहीत, नुसतं कमरेएवढं झुडूप. नानांनी पोकळीत हात घातला, आतली भुसभुशीत माती बोटांनी चोळली. मग घड मोजले. सोळा भरले.

"किती वर्षांचं?"

मालकाने सांगितलं, आजोबांनी लावलेलं, एकशेदहा तरी झाली. नाना काही बोलले नाहीत. आमची सोनाका सतराव्या वर्षी काढली होती.

बरोसात एकशेदहा हे वय तसं मधलंच. टनुंडा गावात शिराझ या वाइनच्या काळ्या द्राक्षाची एक बाग १८४३ साली लावलेली आहे, ख्रिश्चन ऑरिक्ट नावाच्या लोहारकाम करणाऱ्या माणसाने. ती अजून फळ देते. २००९ साली इथल्या लोकांनी वेलींच्या वयाप्रमाणे पायऱ्या ठरवून टाकल्या. ३५ वर्षांवरचा वेल जुना, ७० वरचा तगलेला, १०० वरचा शतायुषी आणि १२५ च्या वरचा थेट पूर्वज. जुन्या वेलींना पूर्वज म्हणणारी माणसं मला फार जवळची वाटतात.

हे वेल लावणारे लोकही घर सोडून आलेले होते. प्रशियाच्या राजाने चर्चमधली उपासना आपल्या हुकमाप्रमाणे करायला लावली, ती मान्य नव्हती म्हणून सायलेशिया या त्याच्या प्रांतातले लुथरन शेतकरी जहाजांनी साउथ ऑस्ट्रेलियात आले. १८४२ साली त्यांनी बरोसात बेथनी हे पहिलं गाव वसवलं. शिराझच्या काड्या त्याआधी दहा वर्षं, १८३२ मध्ये, जेम्स बस्बी नावाच्या माणसाने युरोपातून गोळा करून सिडनीला आणल्या होत्या. फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या काठी या द्राक्षाला सिरा म्हणतात. इराणातल्या शिराझ शहराशी त्याचा संबंध जोडणारी गोष्ट मीही बरीच वर्षं खरी मानत होते. पण डीएनए तपासणीत त्याचे आईबाप आग्नेय फ्रान्समधलेच निघाले, दुरेझा आणि मोंदूज ब्लांश.

बागेत नानांनी एक मणी तोडून तोंडात टाकला. तो खाण्याचा मणी नव्हे. थॉमसन किंवा सोनाका खाणाऱ्याला तो चुकून पिकलेला वाटेल. बारीक, हरभऱ्यापेक्षा थोडा मोठा. साल जाड, आत बिया. आमच्याकडे सगळी धडपड मणी फुगवण्याची. जीएचं, म्हणजे मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक ॲसिडचं डिपिंग करा, घड विरळ करा, निर्यातीला १८ मिलिमीटरचा मणी हवा, साल पातळ हवी, दाताखाली कुरकुरीत फुटायला हवा. इथे सगळं उलट. मणी लहान म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त, आणि लाल वाइनचा सगळा ऐवज सालीत असतो. शिराझ चिमटीत दाबला तर रस जवळपास पाणीच निघतो, रंग नसलेला. काळाजांभळा रंग, तुरटपणा, वासाचा बराचसा भाग, सगळं सालीतून उतरतं. म्हणून रस सालींसकट आंबवायचा. आंबताना साली वर येऊन जाड थर धरतात, तो रोज खाली दाबायचा किंवा खालचा रस उपसून वरून सोडायचा, आठवडाभर किंवा जास्त.

नाना साल चावत राहिले. मग बी तळहातावर थुंकलं आणि उजेडात धरून पाहिलं. तेवढ्यात माझं लक्ष गेलं, मालकानेही एक मणी तोंडात टाकला होता आणि तोही बी तळहातावर घेऊन पाहत होता. हिरवं असेल तर थांबायचं, तपकिरी झालं तर तोडणी जवळ आली. दोघांच्याही हातात तपकिरी बी होतं. दोघांनी एकमेकांच्या तळहाताकडे पाहिलं आणि मान डोलावली. एकाला इंग्रजी येत नाही, दुसऱ्याला मराठी.

"साखर किती?" नानांनी विचारलं. मी विचारून सांगितलं, पंचविसाच्या आसपास. आमच्याकडे सतरा-अठरा ब्रिक्सला तोडणी सुरू होते, ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप. पंचवीस म्हटल्यावर नाना माझ्याकडे वळले. "मग दारू कडक होत असेल." बरोबर होतं. यीस्ट साखरेचा अल्कोहोल करतं, त्यामुळे बरोसाची शिराझ साडेचौदा-पंधरा टक्क्यांना सहज पोचते.

इंग्रजीत या वाइनला फुल-बॉडीड म्हणतात. मराठीत काय म्हणावं याचा मी खूप दिवस विचार करत होते. जड म्हटलं तर पोटाला जड वाटतं. दाट म्हटलं तर वरणासारखं. मग एकदा एका मैफिलीचं ध्वनिमुद्रण ऐकत होते, गवयाने खर्जातला सा लावला आणि घरातल्या काचा भरून आल्यासारख्या वाटल्या. त्या आवाजाला आपण जे म्हणतो तोच शब्द. भरदार. भरदार आवाज मोठा असतोच असं नाही, पण त्याला बूड असतं. तो खोलीभर पसरतो आणि थांबल्यावरही जागा सोडत नाही.

जिभेवर हे कसं कळतं ते सांगायचं तर ताक, सायीचं दूध आणि आटवलेली बासुंदी एकामागून एक घोटभर घ्या. चवीचं सोडा, जिभेवरचा भार बघा. वाइनमध्ये हा भार काही अंशी अल्कोहोलमुळे येतो, तो पाण्यापेक्षा जिभेला घट्ट आणि ऊबदार लागतो. बाकीचा सालीतून उतरलेल्या द्रव्यांचा आणि टॅनिनचा, म्हणजे तुरटपणा आणणाऱ्या द्रव्याचा.

टॅनिनबद्दल मात्र आपली भाषा इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे. इथले वाइनवाले टॅनिन समजावताना फार कष्ट घेतात, कोरडं पडतं म्हणतात, हिरड्यांना धरतं म्हणतात, गार झालेल्या काळ्या चहाचं उदाहरण देतात. आपल्याकडे सहा रसांतला एक रसच तुरट आहे. आवळा, हिरडा, सुपारी, जांभूळ खाऊन वाढलेल्या माणसाला टॅनिन कोणी शिकवायला नको. माझ्या मते मराठी माणसाने शिराझकडे जांभळाच्या वाटेनेच यावं. पावसाच्या तोंडावर झाडाखाली पडलेलं टपोरं, पिकून फुटलेलं जांभूळ तोंडात टाकलं की आधी गोड रस, मग सालीचा तुरटपणा, मग जीभ जांभळी आणि घसा किंचित धरलेला. चांगल्या शिराझची चाल हीच. त्यात काळ्या मनुकांचा गोडवा मिळवा, कोकोचा कडवटपणा मिळवा, आणि अमेरिकन ओकच्या पिंपात मुरवली असेल तर व्हॅनिला आणि सुक्या खोबऱ्याचा वास. खोबऱ्याचा वास खराच त्या लाकडातून येतो. कधी निलगिरीच्या तेलाचाही येतो. बागेच्या कडेला निलगिरीची झाडं असली की त्यांच्या तेलातलं द्रव्य द्राक्षांच्या सालीवर बसतं, पानं-सालपटं तोडणीत मिसळतात, आणि वाइन त्या जागेची खूण घेऊन येते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हे मोजून दाखवलं आहे, झाडांच्या जवळच्या ओळींत ते जास्त, लांबच्या ओळींत कमी.

ही वाइन आज जगात ओळखली जाते त्यामागे मॅक्स शुबर्ट आहेत, आणि त्यांची गोष्ट मला कितीही वेळा सांगावीशी वाटते. ते पेनफोल्ड्स या वाइन कंपनीत कामाला होते. त्या काळी ऑस्ट्रेलियात लोक पीत असत ते मुख्यतः पोर्ट आणि शेरीसारखं गोड, कडक मद्य. १९५० साली कंपनीने त्यांना युरोपात पाठवलं तेही शेरी बघायला. परतीच्या वाटेवर ते फ्रान्समध्ये बोर्दोला थांबले, तिथे त्यांना चाळीस-पन्नास वर्षं जुन्या लाल वाइन चाखायला मिळाल्या आणि ते थक्क झाले. इतकी वर्षं जगणारी वाइन आपल्याकडेही करायची हे डोक्यात घेऊन ते परतले. बोर्दोतली कॅबर्ने द्राक्षं इथे फारशी नव्हती, शिराझ मुबलक होती. त्यांनी ती घेतली आणि १९५१ साली अमेरिकन ओकच्या नव्या पिंपांत मुरवली. त्या वाइनचं नाव ग्रेंज.

काही वर्षांनी ती सिडनीतल्या वरिष्ठांना आणि जाणकारांना चाखायला दिली. कोणालाच आवडली नाही. एकाने तर म्हटलं की ही रानफळांची खिचडी आहे आणि त्यात चिरडलेल्या मुंग्यांचाच स्वाद वर येतो. १९५७ मध्ये हुकूम आला, बंद करा. शुबर्टनी बंद केली नाही. १९५७, ५८ आणि ५९ अशी तीन वर्षं त्यांनी ती गुपचूप केली, नवी पिंपं मागता येत नव्हती म्हणून जुन्यांत भागवलं. तोवर आधीच्या बाटल्या मुरत होत्या. त्या पुन्हा चाखल्या गेल्या तेव्हा मत फिरलं आणि १९६० साली हुकूमही फिरला. पुढे १९५५ च्या ग्रेंजने पदकांमागून पदकं मिळवली. भरदार वाइनला तिचा वेळ द्यावाच लागतो. तरुणपणी तिचे सगळे गुण एकदम बोलतात, कोणाचं काय ते कळत नाही.

शुबर्टइतकीच मला पीटर लेहमन यांच्याबद्दल माया आहे, आणि ती नानांमुळे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बरोसात लाल द्राक्षांना गिऱ्हाईक राहिलं नव्हतं. लेहमन ज्या वायनरीत वाइनमेकर होते तिच्या मालकांनी त्यांना सांगितलं, शेतकऱ्यांचा माल यंदा घेऊ नका. त्यांनी तर शेतकऱ्यांना शब्द दिलेला होता, आणि बरोसात शब्दावरच व्यवहार चालायचा. त्यांनी पैसे उभे केले, आपली वेगळी कंपनी काढली, माल उचलला आणि वाइन केली. कंपनीला नाव दिलं मास्टरसन, कथेतल्या एका जुगाऱ्याचं. पुढे ऐंशीच्या दशकात तर सरकारनेच जुने वेल उपटायला पैसे दिले. शंभर वर्षांची खोडं तेव्हा सरपणाला गेली. ज्यांचा माल कोणीतरी घेत होतं त्यांचे वेल राहिले. आज ज्यांना पूर्वज म्हणतात त्यांतले कित्येक असे वाचलेले आहेत.

हे मी नानांना गाडीत सांगितलं. आमच्या बागेच्या बाबतीत काय झालं ते मला माहीत होतं, तरी मी ते बोलले नव्हते. एका वर्षी गोडी छाटणीनंतर अवकाळी पाऊस आला, डाऊनी रोगाने निम्मे घड गेले. जे वाचले ते फवारण्या करकरून नानांनी तयार केले. व्यापाऱ्याने माल उचलला, चिठ्ठी दिली, आणि मग त्याचा फोन लागेना. औषधाच्या दुकानाची उधारी, सोसायटीचं कर्ज, सगळं अंगावर. त्या उन्हाळ्यात ती सोनाकाची बाग काढली. जेसीबीने एकेक ओळ उपटताना तारा ताणून तुटत होत्या, त्याचा टणकन आवाज मला अजून झोपेत येतो. खोडं बांधावर रचली होती, मनगटाएवढी. आई ती चुलीला घेत नव्हती. शेवटी पावसात कुजली.

नाना खिडकीतून बाहेर बघत ऐकत होते. बराच वेळाने म्हणाले, "तो माणूस जिवंत आहे का?"

मी सांगितलं, लेहमन २०१३ साली गेले.

"भेटलो असतो," ते म्हणाले.

मधल्या काळात भरदार वाइनवर बरीच टीका झाली. विसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकन समीक्षकांनी बरोसाच्या शिराझला डोक्यावर घेतलं, तेव्हा काहींनी ती आणखी पिकवली, आणखी ओक घातलं, आणि काही बाटल्या खरोखर मुरंब्यासारख्या झाल्या. मग वारं फिरलं. आता नाजूक, हलक्या, कमी अल्कोहोलच्या वाइनची चलती आहे आणि जाणकार लोक भरदार वाइन आवडते असं सांगायला संकोचतात. मला हा संकोच पटत नाही. अतिपिकलेली, साखरट, लाकडाने माखलेली वाइन वाईटच. पण जिचा भार वेलीतून आलाय, जिच्यात आंबटपणाची बारीक धार शाबूत आहे, ती शिराझ जड नसते. तिला जागा लागते, इतकंच. पंढरीच्या वाटेवरचं भजन मृदंगावर जसं रंगतं तसं बासरीवर रंगणार नाही, आणि त्यात बासरीचा कमीपणा काही नाही.

जागा म्हणजे आधी तापमान. ही वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी असं लिहिलेलं असतं, ती खोली युरोपातल्या हिवाळ्यातली. ॲडलेडच्या उन्हाळ्यात किंवा आपल्या नाशिक-पुण्याच्या एप्रिलमध्ये तशी ओतली तर नाकाला नुसती स्पिरिटची वाफ लागते. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावी, सोळा ते अठरा अंशांना तिचं अंग आटोपशीर होतं. तरुण बाटली तासभर आधी रुंद तोंडाच्या भांड्यात ओतून ठेवावी.

दुसरं, जेवण. लाल मिरचीच्या झणझणीत रश्श्याबरोबर ती नेऊ नये. अल्कोहोल तिखटाची आग वाढवतो आणि टॅनिन त्यावर आणखी खरखरतं. पण तिखट आवरतं घेऊन काळ्या मसाल्यातलं मटण केलं, कांदा-खोबरं निखाऱ्यावर काळपट भाजून वाटलं, दगडफूल, लवंग, मिरी हात सैल सोडून घातली, की ती वाइन आणि तो रस्सा एकमेकांना ओळखतात. मटणातली चरबी आणि प्रथिनं टॅनिनला मऊ करतात, भाजल्या खोबऱ्याला ओकमधलं खोबरं भेटतं. सोबत बाजरीची भाकरी. मांसाहार नसेल तर निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, शेंगदाण्याचं तेल घालून.

महाराष्ट्रात ही वाइन आयात कराने फार महाग पडायची, दीडशे टक्के कर होता. २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार कराराने पाच अमेरिकन डॉलरच्या वरच्या बाटलीवरचा कर शंभरावर आणला, पंधरा डॉलरच्या वरचीवर पंचाहत्तरावर, आणि दहा वर्षांत तो अनुक्रमे पन्नास आणि पंचवीसवर यायचा आहे. तोवर नाशिकची शिराझ आहेच. दिंडोरीकडच्या बागांतली द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात, इथल्यापेक्षा थोडी आधी. तिचं अंग हलकं असतं, पण वेल अजून लहान आहेत.

त्या दिवशी बागेतून घरी आलो आणि रात्री मी मटण केलं. नाना माळकरी, त्यांच्यासाठी वेगळं पिठलं-भाकरी. बाटली उघडू का म्हणून विचारलं तर म्हणाले, "उघड की. मी काय पिणार नाही, पण तू पी. एवढं लांबून बघून आलो ती." माझ्या ग्लासात ओतली. रंग इतका गडद की ग्लासामागचा दिवा दिसेना, फक्त कडेला जांभळी रेघ. नानांनी हात पुढे केला. मी ग्लास दिला. त्यांनी तो नाकाशी धरला, डोळे मिटले, घरी गुळाची ढेप किंवा बेदाणा हुंगतात तसा एक लांब श्वास घेतला.

"मिरी आहे यात."

माझ्या नवऱ्याला शिराझमध्ये मिरी कधीच सापडलेली नाही, आणि बरीच वर्षं मला वाटायचं की पुस्तकात वाचलेलं मी हुंगतेय. पण ते खरं आहे. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी शिराझमधलं ते द्रव्य शोधून काढलं, रोटंडोन त्याचं नाव, आणि काळ्या मिरीला मिरीचा वास देणारं द्रव्यही तेच. पाचातल्या साधारण एका माणसाला मात्र त्याचा वास येतच नाही. थंड जागच्या शिराझमध्ये ते जास्त असतं. आम्ही गेलो होतो ती बाग खोऱ्याच्या वरच्या अंगाला, ईडन व्हॅलीकडे चढत जाणाऱ्या उतारावर होती. नानांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी ग्लास परत दिला आणि पिठल्याकडे वळले. मग पुन्हा म्हणाले, "आणि जांभूळ."

मी तो घोट कसा घेतला ते मला नीट आठवतं. आधी जिभेभर गडद गोडसरपणा, मग मधेच मिरीची बारीक ठिणगी, मग हिरड्यांना धरणारा मऊ तुरटपणा, आणि घोट उतरल्यावर ती कोणीतरी निघून गेल्यावर दार उघडं राहावं तशी कितीतरी वेळ राहिली. सोळा घडांचं ते खोड डोळ्यांपुढे होतं. पोकळ, अर्धं मेलेलं.

नानांनी तोडून चाखली ती द्राक्षं पुढच्या आठवड्यात खुडली गेली. गेल्या हिवाळ्यात त्यांची वाइन बाटल्यांत आली आणि मी दोन बाटल्या आणल्या. मालक म्हणाला, पाच वर्षं हात लावू नका. त्या आता कोठीच्या खोलीत, सगळ्यात गार कोपऱ्यात आडव्या ठेवल्यात. गाठोड्यांच्या मागे, उजेड लागू नये म्हणून आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून.

दर रविवारी नानांचा फोन येतो. बागेचं होतं, पावसाचं होतं, भावाच्या पोरांचं होतं. ऑक्टोबरात गोडी छाटणी झाली, तिकडे डोळे फुटताहेत, इकडेही वसंतात वेली फुटताहेत, दोन्हीकडच्या काड्यांची लांबी आम्ही एकमेकांना सांगतो. फोन ठेवायच्या आधी ते विचारतात, "आपल्या त्या बाटल्या?"

"आहेत, नाना."

"उघडू नको अजून."

"नाही उघडत."

"लुगडं ओलं होऊ देऊ नको," ते म्हणतात, आणि फोन ठेवतात.